हैदराबादची ओळ

"काकू, अब पूछना पड़ेगा," शिशिर म्हणाला. "नया कानून आ गया है. कोण आलं, कुठून आलं, याची नोंद सूचना लावून वाचणाऱ्याला विचारल्याशिवाय ठेवता येणार नाही."

सुनीतीबाईंचा हात माऊसवरच थांबला. रायपूरच्या मराठी मंडळाचा विकी, म्हणजे सगळ्यांनी मिळून लिहायची वेबसाइट, दोघं मिळून सांभाळत. मजकूर त्या पाहत, तांत्रिक काम शिशिर. वाचायला कोण कुठल्या गावाहून आलं याची यादी रोज दिसे.

त्या यादीत एक ओळ हैदराबादची असायची. रविवार सोडून रोज, दुपारी दीडला. पान एकच उघडलं जाई, भुलाबाईच्या गाण्यांचं. ते त्यांच्या लेकीनं, इरानं, कॉलेजात असताना लिहिलं होतं. गाणी तिच्याच आवाजात होती. तीन वर्षांपूर्वी घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न करून लेक हैदराबादला गेली. तिचं नाव या घरात निघणार नाही, असं सुनीतीबाईंच्या नवऱ्यानं, नरहररावांनी, बजावलं. पुढे तिचा नंबरही बदलला. सुनीतीबाई मात्र ती ओळ पाहिल्याशिवाय जेवत नव्हत्या.

एवढं एक पान सोडता येईल का, त्यांनी विचारलं. कायद्याला पानं वेगळी नसतात, म्हणून शिशिर हसला. इरा नको म्हणेल, ही धास्ती त्या बोलल्या नाहीत. देवापुढे बसल्यावर वाटलं, लेकीला चोरून पाहणं हेही काही बरं नव्हे. त्यांनी शिशिरला फोन केला.

"लाव बापा तुझी सूचना. तिले नसंल पायजे, तं मी काहून पाहू?"

त्यानं लगेच सूचना लावली.

दुसऱ्या दिवशी दीड वाजला. ओळ आली नाही. दोन वाजता सूचनेतला फॉर्म भरून कुणीतरी पाठवलेला अर्ज मंडळाच्या ईमेलवर आला. "गाण्यांच्या पानावरच्या माझ्या सगळ्या नोंदी पुसाव्यात." सोबत आपोआप जोडली गेलेली नोंदींची यादी होती, सगळ्या हैदराबादच्या, दीडच्या.

अर्जदाराचं नाव त्यांनी दोनदा वाचलं. नरहर.

रायपूरचा माणूस यादीत हैदराबादचा कसा दिसेल, असं नाव न सांगता त्यांनी शिशिरला विचारलं. त्यानं समजावलं, नवा रायपूरमधल्या एखाद्या ऑफिसचं इंटरनेट हैदराबादच्या मुख्य कचेरीतून येत असेल, तर यादीत हैदराबादच दिसतं. नरहररावांचं ऑफिस नवा रायपूरमध्येच होतं. असे अर्ज शिशिरच पाहतो, असं नरहरराव समजत.

खाली कारणाचा रकाना होता. त्यात लिहिलं होतं, "माझ्या बायकोला कळू नये."