आईपुढचा टीव्ही

“आईपुढचा टीव्ही लख्ख दिसायला हवा हं!” मॉस्कोला जाताना मकसत आपल्या मित्राला, तेमिरला, बजावून गेला होता. आज गावी, नारीनमध्ये, त्याच्या बहिणीचं लग्न होतं आणि त्याने परवा पाठवलेल्या शुभेच्छांची चित्रफीत तेमिर पाच टीव्हींवर दाखवत होता.

“याचं नाक कुठंय रे? धुक्यातनं बोलतोय कार्टा!” मकसतची आई कुरकुरली. तिला सगळे ‘अपा’ म्हणत.

“एका तारेवर पाच टीव्ही, अपा. चित्र फिकं पडणारच,” तेमिर नजर चुकवत म्हणाला. मकसत काल अपघातात गेला होता. पण नवरीची पाठवणी होईस्तोवर आईला कळू द्यायचं नाही, असं वडीलधाऱ्यांनी ठरवलं होतं.

वरात गेली, पाहुणे पांगले. तेमिरने बाकीचे टीव्ही काढले, तसा आईपुढे लेकाचा चेहरा उजळला. तिने काचेवरून हळूच हात फिरवला.



“पहाटेच कळलंय मला, तेमिर. लेक हसत सासरी जावी, म्हणून गप्प होते.”