बाईंच्या सभेतला दारुडा

"बोल," गोऱ्या बाईंनी खूण केली आणि त्यांच्या बंगल्यातला नोकर इद्रीस टेबलापाशी जाऊन उभा राहिला. समोर तेलकंपनीचे वीसेक गोरे इंजिनिअर आणि त्यांच्या बायका. मागं भिंतीला टेकलेले बंगल्यांतले नोकर. एकोणीसशे छप्पन सालच्या कुवेतमध्ये पंखे आले होते, पण इद्रीसच्या घामाला ते पुरत नव्हते.

बाईंच्या पणजीनं शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या कापडगिरण्यांत दारूविरोधी सभा गाजवल्या होत्या. रीत ठरलेली. आधी एका सुधारलेल्या दारुड्यानं सगळ्यांदेखत आपली कहाणी सांगायची, मग बाकीच्यांनी दारू सोडल्याच्या शपथेच्या कार्डावर सही करायची. अडचण एवढीच की साहेब लोकांपैकी कुणी स्वतःला दारुडा समजत नव्हतं, आणि नोकर सगळे रत्नागिरीकडचे मुसलमान, थेंबाला न शिवणारे. घरातल्या दारूच्या कपाटाची किल्ली बाईंनी इद्रीसकडे दिली होती ती त्याचमुळे. दारुडा म्हणून नेमणूकही त्याचीच झाली. त्याला इंग्रजी येत होतं.

"खोटं कसं बोलू, मॅडम?" त्यानं सकाळी विचारलं होतं.

"चांगल्या कामासाठी बोलायचं. नाहीतर शुक्रवारची बोट आहे मुंबईची."

आता मागून स्वयंपाकी झहूर पुटपुटला, "जपून हां, इद्रीसभाय. गावाला चिठ्ठी मीच लिवतोय." झहूरच्याच बहिणीशी, रहिमाशी, इद्रीसचा निकाह ठरला होता.

प्यायल्यावर माणसाला काय होतं ते इद्रीसला ठाऊक नव्हतं. प्यायलेला माणूस काय करतो ते मात्र तो बाईंच्या बंगल्यात रोज संध्याकाळी पाहत होता. त्यानं तेवढंच सांगितलं.

"मी आल्या आल्या बूट भिंतीवर फेकतो. सूप गार झालं म्हणून बायकोवर ओरडतो. मग तिच्याच मांडीवर डोकं ठेवून रडतो. किती प्यालो ते सकाळी आठवत नाही, म्हणून नोकरांना चोर ठरवतो."

बाईंनी पहिल्या रांगेतल्या आपल्या नवऱ्याकडे पाहिलं. झहूरनं तोंडात फडकं कोंबलं.

पहिल्या रांगेतून बाईंचे साहेब उठले आणि सावकाश टेबलाकडे आले. इद्रीसच्या कानांत शुक्रवारची बोट भोंगा देऊ लागली.

साहेबांचे डोळे पाण्यानं भरले होते. त्यांनी इद्रीसच्या खांद्यावर हात ठेवला.

"बिचारा! तरीच म्हटलं, माझ्या बाटल्या इतक्या लवकर संपतात कशा." मग त्यांनी दुसरा हात पुढं केला. "आण ती किल्ली. आजपासून कपाट मी सांभाळतो."