समासातला शेरा

दृष्टी गेल्यापासून लेखकमहाशयांना बायकोच वाचून दाखवायची, आणि यंत्रांची वर्णनं आली की खुशाल गाळायची. विज्ञानाची शिक्षिका ती, नवऱ्याच्या विज्ञानकथांना जन्मभर ‘थापा’च म्हणत आलेली. आज त्यांच्या कथा वाचून इंजिनिअर झालेली एक मुलगी चष्मा घेऊन आली. “सर, तुमच्याच कथेतला वाचणारा चष्मा! कथेत त्यानं कान भाजायचे, तेवढं सुधारलंय.” त्यांनी तो लावला आणि त्या कथेचं पिवळं पडलेलं हस्तलिखित समोर धरलं. चष्मा घडाघडा वाचू लागला, एकही यंत्र न गाळता. म्हातारबुवांची छाती फुगली. तेवढ्यात बायकोनं तरुणपणी समासात मारलेला पेन्सिलीचा शेराही त्यानं खणखणीत वाचला: “काहीच्या काही! असा चष्मा या जन्मी होणे नाही.” “अहो, खोडरबर कुठंय?” ती पुटपुटली. “खबरदार हात लावलास तर!” ते गरजले. “पोरी, तो शेरा पुन्हा वाचायला लाव. जरा मोठ्यानं!”