तिसरी जागा

राज्यांच्या हद्दी नव्यानं आखल्या, मुरुम गाव मराठी मुलखात आलं, आणि पंधराच दिवसांत शेजारचे बाबूराव लक्ष्मम्माचं घर मागायला आले.

“तुमी कानडी मुलखातून आलेली माणसं, अक्का. आता तुमचं राज्य तिकडं झालं. घर मला द्या आन सुखानं आपल्या गावी जा. आमी पडलो पिढीजात हितले.”

लक्ष्मम्मा त्यांना घरामागच्या परड्यात घेऊन गेली. बेलाच्या झाडाखाली दोन चौथरे होते.

“हे माझे सासरे, त्यांनीच हे घर बांधलं. हे माझे मालक. आमच्यात मेलेल्याला जाळत न्हाईत, मातीत बसवत्यात. तुमचे आजोबा कुठं हाईत, बाबूराव?”

“त्यांच्या अस्थी गोदावरीत सोडल्या.”

“आन वडील?”

“ते बी तिथंच.”

“म्हंजे पिढीजात हितले ते सगळे वाहून गेले. आलेले तेवढे बसलेत.”

लक्ष्मम्मानं मालकांच्या चौथऱ्याशेजारची, शेणानं सारवून ठेवलेली मोकळी जागा दाखवली.

“जायचं तर मला हायच. पर ते हितं.”