बटण दाबलं की झालं

"आमच्या घरी दूध उतू जात नाही, जळतं," वकीलसाहेब म्हणाले. "पार कोळसा होईपर्यंत जळतं आणि बाईसाहेब शेजारीच उभ्या असतात. म्हणून हे मशीन. बटण दाबलं की झालं."

दुकानातली मुलगी हसली. पलीकडे मिक्सर बघायला आलेलं एक जोडपंही हसलं. चार माणसं हसली की वकीलसाहेबांना हुरूप यायचा. "आणि मिठाचं तर विचारूच नका. पाहुणे हल्ली येताना पाण्याची बाटली घेऊन येतात."

त्यांची बायकोही हसली. पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरून ती मशीनकडे बघत राहिली.

काउंटरवर तीन मशीनं मांडली होती, एकापेक्षा एक महाग. वरून कॉफीच्या बिया ओतायच्या, बाजूला दुधाचा डबा लावायचा. दळणं, गाळणं, दूध फेसाळणं, सगळं मशीन करणार. मुलीने तिन्हींवर एकेक कप काढला आणि बाईंपुढे ओळीने ठेवला.

"मॅडम, घरी कॉफी तुम्हीच करता ना? मग तुम्हीच सांगा."

बाईंनी पहिल्या कपातला घोट घेतला. "छान आहे."

"दुसरी?"

"हीपण छान."

"अगं, काहीतरी फरक सांग!" वकीलसाहेब म्हणाले. "पढवलेला साक्षीदारसुद्धा याहून जास्त बोलतो."

तिने तिसरा कप उचलला. आता काहीतरी ठरवायला हवं म्हणून असेल, तो ती अर्ध्यापर्यंत प्यायली. "ही सगळ्यांत चांगली," ती म्हणाली.

वकीलसाहेबांनी तिच्या हातातून कप घेतला, घोट तोंडात घेतला आणि कागदी रुमालात थुंकला.

"अगं, दूध खराब झालंय! काय घाण वास मारतोय!"

मुलीने घाईघाईने दुधाची नळी ओढून काढली. आतून पिवळट साय बाहेर आली. तिचा चेहरा उतरला. "सॉरी सर. काल रात्री धुवायची राहिली."

"राहू दे, राहू दे. फार बरं झालं." वकीलसाहेब मिक्सरवाल्या जोडप्याकडे वळले. "बघितलंत? अर्धा कप प्यायली, आणि म्हणते सगळ्यांत चांगली!"

या वेळी कुणी हसलं नाही. त्या जोडप्यातल्या बाईने एकदा वकीलसाहेबांच्या बायकोकडे बघितलं आणि हातातलं मिक्सरचं झाकण उगाच उलटसुलट करत राहिली.

"मला वास येत नाही," वकीलसाहेबांची बायको म्हणाली. ती मुलीशी बोलत होती. "जिभेला कडू-गोड तेवढं कळतं. तू घाबरू नकोस, दुसऱ्या कुणाला लगेच समजलं असतं."

"वास येत नाही म्हणजे?" वकीलसाहेब म्हणाले. "कधीपासून?" आवाज उलटतपासणीचाच निघाला.

"गेल्या वर्षी ताप आला होता ना, तेव्हापासून."

"आणि मला आज सांगतेस? इथे?"

"सांगितलं होतं. जेवताना. तुम्ही म्हणालात, बरं झालं, आता कचऱ्याची गाडी दारात थांबली तरी चिंता नाही. मुलं हसली. मग मीपण हसले."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. कुणी वेळ विचारली आणि तिने सांगितली, इतकंच.

वकीलसाहेबांना आठवलं. तापाचं नाही, वासाचं नाही. टेबलाभोवतीचं ते हसू आठवलं. विनोद जमला म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांनी तो कोर्टातल्या बाररूममध्येही ऐकवला होता. आणि मग एकामागोमाग एक गोष्टी समोर येऊन उभ्या राहू लागल्या. फ्रिजमधल्या प्रत्येक डब्यावर तारीख लिहिलेली चिठ्ठी. त्या फ्रिजला ते 'आमची रेकॉर्डरूम' म्हणायचे. घराबाहेर पडताना तिचं ते तीनतीनदा 'अहो, गॅस बंद आहे ना, बघता का?', आणि त्यांचं न उठता 'आहे, आहे.' नातवाला मांडीवर घेतलं की ती पूर्वी त्याच्या टाळूला नाक लावून बसायची. हल्ली नुसतं गालाशी धरायची. कधीपासून, हे त्यांना सांगता आलं नसतं.

मिक्सरवालं जोडपं तिथून कधी निघून गेलं, तेही त्यांच्या लक्षात आलं नाही.

"आपण डॉक्टरकडे जाऊ," ते म्हणाले.

"जाऊन आले. दोनदा." ती म्हणाली. "येईल किंवा नाही येणार, असं म्हणाले."

"एकटी गेलीस?"

तिने पर्स खांद्याला अडकवली.

मुलीने नळी उकळत्या पाण्याने धुतली, नवं दूध भरलं आणि पुन्हा बटण दाबलं. मशीन घरघरलं. कपात फेस चढत गेला तसा वकीलसाहेबांना कॉफीचा खमंग वास आला. त्यांनी श्वास रोखून धरला.

"सर, मग कोणतं बांधू?" मुलीने हळूच विचारलं.

वकीलसाहेबांनी पाकीट काढलं आणि नुसतं हातात धरलं. आज नकोच, असं म्हणावंसं वाटलं. पण त्याचंही कारण सांगावं लागलं असतं.

"मधलं द्या," बायको म्हणाली. "आवाज कमी आहे त्याचा. बाळ झोपलेलं असतं."

मुलीने भरलेला कप सवयीने तिच्यापुढे ठेवला आणि मग चूक केल्यासारखा हात मागे घेतला. बाईंनी मात्र तो दोन्ही हातांनी उचलला, फुंकर घातली, एक घोट घेतला.

'कशी आहे?' हे शब्द वकीलसाहेबांच्या ओठांवर आले आणि तिथेच थांबले. बायकोने ते बघितलं. तिने आणखी एक घोट घेतला आणि त्यांना सांभाळून घेत म्हणाली,

"गरम आहे."