आवाजाचा तक्ता

“ही बोलायला लागली की मी कानाचं मशीन बंद करतो,” असं बाबा आईसमोरच चारचौघांत मिरवायचे. तरीही बॅटरी दुपारीच मान टाकायची. कंपनीच्या मदत केंद्रानं मशीनमधल्या नोंदींची फाईल मागितली. परक्यांना घरातलं काय काय कळेल, या धास्तीनं मी ती आधी वाचली. नाव, पत्ता खोडला. उरला आवाजाचा तक्ता. “बाबा, रोज सकाळी दोन तास तुम्ही आवाज पार शेवटपर्यंत वाढवता. बॅटरी त्यातच संपते. तेव्हा ऐकता तरी काय?” बाबा गोरेमोरे झाले. “तुझी आई स्वयंपाक करताना गुणगुणते,” ते पुटपुटले. “हे कुणाला पाठवू नकोस, बाई.” मी मागं पाहिलं. आई हातात अर्धवट सोललेला कांदा घेऊन दारात उभी होती. “नकोच पाठवूस,” ती म्हणाली. “तुझ्या बाबांना सांग, मशीनचा आवाज कमी ठेवा. उद्यापासून मीच मोठ्यानं गाईन.”