बांडी

"अरे हळू! पहिल्या फुंकेलाच एवढं बोंबलायचं नसतं," व्हर्ना कुजबुजली आणि तिने एल्डनच्या हातातली शिट्टी काढून घेतली. "ती शेजारच्याच झुडपात बसलेली असली तर? दचकून पळेल ना."

तिने शिट्टी ओठांत धरली. जखमी सशाचं बारीक रडणं ओकच्या झाडांत शिरलं आणि जवळच विरलं. ओझार्कच्या या डोंगरांत झाडी दाट, आवाज लांब जात नाही. म्हणून इथे एका जागी फार वेळ बसायचं नाही. थोडं वाजवायचं, वाट बघायची आणि उठून पुढच्या घळीत जायचं. कायोटी कोल्ह्याहून मोठी आणि लांडग्याहून लबाड. ती आवाजावर सरळ येत नाही, वळसा घालून आपल्या अंगावरून येणारा वारा हुंगत येते. तेव्हा बंदुकीचं तोंड त्या वळशाकडे हवं. हे सगळं एल्डनला व्हर्नानेच शिकवलं होतं.

त्यांना हवी होती बांडी. अर्धी शेपूट कुठल्याशा सापळ्यात गमावलेली ही मादी. उन्हाळ्यात तिने व्हर्नाचा म्हातारा कुत्रा अंगणातून उचलून नेला होता. व्हर्नाच्या मेंढ्या आता विकून झाल्या होत्या, तुल्सा शहरात लेकीने तिच्यासाठी खोली रंगवून ठेवली होती. पण व्हर्ना हटून बसली होती. बांडीचा निकाल लागल्याशिवाय मी इथून हलणार नाही, असं तिने लेकीला ठणकावून सांगितलं होतं.

आणि म्हणूनच एल्डन रोज सकाळी गालांना आफ्टरशेव्ह चोपडून यायचा. तो वास वाऱ्यावर गेला की वळसा घालणारी कायोटी आल्या पावली परत फिरायची. व्हर्ना त्याच्या शाळेतली. बायको गेल्यापासून या खोऱ्यात त्याच्याशी बोलणारं तेवढं एकच माणूस उरलं होतं. बांडी मेली की तेही जाणार. आपण लबाडी करतोय याची त्याला लाज वाटायची, पण बाटली संपली की तो दुसरी आणायचा.

नवल एवढंच, की व्हर्नाचं नाक भलतं तिखट असूनही ती या वासाबद्दल कधी चकार शब्द बोलली नव्हती. सर्दी असेल, असं त्याने धरून ठेवलं होतं.

तेवढ्यात समोर पाचोळा वाजला. पडलेल्या ओंडक्यामागून एक राखाडी तोंड वर आलं. नेमकी वारा येत होता त्याच बाजूने आलेली, त्यामुळे वास लागलाच नव्हता. एल्डनने बंदुकीकडे हात नेला. आता बंदूक उचलणं भाग होतं.

"राहू दे," थर्मासमधून कॉफी ओतत व्हर्ना म्हणाली. "ती नव्हे."

कायोटी ओंडक्यावरून उडी मारून पळाली. मागे झुपकेदार, अख्खी शेपूट.

"नजर चांगली आहे गं तुझी," एल्डन म्हणाला. त्याचा जीव भांड्यात पडला होता.

"तुझ्यापेक्षा तरी बरी. मक्याचा पाव खातोस का? नाहीतर मीच संपवते."

"सगळा? जाडी होशील."

"मग मला उचलायला तू आहेस की."

उन्हं वर आल्यावर ते तिच्या घरी परतले. स्वयंपाकघरात फोन वाजत होता. लेकीचाच असणार, म्हणून व्हर्ना लगबगीने आत गेली. एल्डनच्या लक्षात आलं, फाटकाची कडी निखळून लोंबतेय. तारेने बांधून टाकू, म्हणून तो मागच्या कोठीकडे वळला. "तिकडे जाऊ नकोस, गांधीलमाश्यांनी घर केलंय," असं व्हर्ना पानगळीपासून सांगत आली होती. पण आता थंडीने माश्या कधीच्या मेल्या असतील.

आत एकही पोळं नव्हतं. कोपऱ्यात तारेचं भेंडोळं होतं आणि त्याच्यावर, खिळ्याला, एक कातडं टांगलेलं होतं. हाताला ते वाळून कडक लागलं. केसांवर धुळीचा थर होता आणि खिळ्यापासून छपरापर्यंत कोळ्याने निवांत जाळं विणलं होतं. एल्डनने कातडं उजेडाकडे वळवलं. शेपूट अर्धीच होती.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून व्हर्नाचा आवाज येत होता.

"छे गं, अजून कुठली सापडायला! महा लबाड आहे मेली. उद्या पलीकडच्या घळीत बसून बघतो आम्ही."